दोघांच्या रांगेत तिसरी

आमच्या भाऊजींना हाक मारायची असेल तर आधी धावत जाऊन त्यांच्या पुढे उभं राहावं लागे. मागून कितीही ओरडा, त्यांची मान वळत नसे. आमच्या बेटावरच्या मोंतान्य ब्लांश गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची छत्री दुकानात राहिली तर म्हातारा चिनी दुकानदार गल्ला सोडून, गटार ओलांडून, उसाच्या कडेकडेने धापा टाकत पुढे जाई आणि समोरून येऊन छत्री हातात देई. "मिस्ये, तुमच्यापायी मी एक दिवस मरणार," असं तो दर वेळी म्हणे. पोरं मात्र मुद्दाम मागून ओरडत, "मिस्ये, गेत देर्येर!" म्हणजे सर, मागे बघा. मिस्ये ताठ मानेने चालत राहत. ओरडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी वर्गात छडी बसे, पण तीही समोरून.

मला कुठलंही काम क्रमाने मांडून करायची सवय आहे. देवळातल्या गणपतीच्या जेवणाला किती तांदूळ, किती डाळ, कोणी भाजी चिरायची, हे गेली कित्येक वर्षं मीच लिहून देते, आणि काही कमी पडत नाही. भाऊजींबद्दलही तसंच क्रमाने लिहायला बसले होते. जमलं नाही. या माणसाचं आयुष्य पुढे सरकलंच नव्हतं, त्याला क्रम कुठून लावणार? म्हणून जे आधी आठवतं ते आधी.

त्यांचं वळणं आठवतं. गर्रकन फिरणं त्यांना माहीत नव्हतं. उलट दिशेला जायचं असलं की ऊस भरलेली लॉरी वळते तसा मोठा वळसा घेत. रस्ता अरुंद असला तर पुढच्या फाट्यापर्यंत जाऊन येत. सरकारी शाळेत ते इंग्रजी आणि फ्रेंच शिकवत. फळ्यावर लिहून झालं की टेबलाला अख्खी प्रदक्षिणा घालून मुलांसमोर येत. तोवर मुलांचं एकमेकांना चिमटे काढून होई.

दार आठवतं. आत शिरले की दार हाताने धरून ठेवत, आणखी एक माणूस आत येईल इतका वेळ. मग सोडत. आपण त्यांच्या मागून येत असलो तर ते आपल्यासाठी धरलेलं नसे. आपण पोचेपर्यंत ते बंद झालेलं असे.

कोणी रस्त्यात विचारलं, "कसे आहात, गुरुजी?" तर ते म्हणत, "आम्ही दोघं बरे आहोत." माझ्या बहिणीशी लग्न झाल्यावरही ते 'दोघं'च म्हणत. आक्काला पहिले काही महिने वाटायचं की त्यातली एक आपण.

ती दुसरी कोण, ते आता सांगते. त्यांची पहिली बायको. ती मलेरियाने गेली, अजून घराघरांत औषध फवारणाऱ्यांच्या टोळ्या फिरायला लागल्या नव्हत्या तेव्हा. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. भाऊजींचं म्हणणं असं, की ती गेली हे खरं, पण ती परत आली आहे, त्यांच्या मागून चालते आहे, आणि त्यांनी मागे वळून पाहिलं नाही तोवर ती राहणार आहे. हे ते वेड्यासारखे डोळे फिरवून सांगत नसत. बसची वेळ सांगावी तसं सांगत.

याचं अर्धं खापर शाळेच्या पुस्तकावर फोडायचं आणि अर्धं आमच्या लोकांवर.

पुस्तकाचं आधी. मास्तरकीचं शिक्षण घेताना त्यांनी फ्रेंचमधून ग्रीक लोकांची पुराणं वाचली होती. त्यातली एक गोष्ट ते दरवर्षी सांगत. शाळेत नव्हे, बैठकेत. बैठका म्हणजे देवळाशेजारची पत्र्याची खोली. तिथे संध्याकाळी आम्हा मराठ्यांच्या मुलांना ते मराठी शिकवत, आणि आक्कासारख्या शाळा सुटलेल्या मोठ्या मुलीही येऊन बसत. घरी आमचं मराठी म्हणजे आजोबा-पणजोबांनी जहाजातून आणलेलं, मध्ये मध्ये क्रेओल शिंपडलेलं. भाऊजींचं मराठी मुंबईहून आलेल्या पुस्तकांतलं, इस्त्री केलेलं. त्या इस्त्रीच्या मराठीत ते सांगत: एक गवई होता. त्याची बायको साप चावून मेली. तो जिवंतपणी खाली मेलेल्यांच्या राज्यात गेला. तिथल्या राजासमोर असा गायला की राजाच्या राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. राजा म्हणाला, ने तिला. तू पुढे चाल, ती मागून येईल. पण उन्हात पोचेपर्यंत मागे बघायचं नाही.

"साप म्हणजे कसा असतो, गुरुजी?" कोणीतरी विचारी. आमच्या बेटावर चावून मारणारे साप नाहीत.

"आपल्याकडे साप नाही, ताप आहे," भाऊजी म्हणत. "पुढे ऐका. तो चालला. मागे पावलांचा आवाज नाही. मेलेल्यांच्या पावलांना आवाज नसतोच. उजेड दिसायला लागला आणि त्याला राहवलं नाही. वळून पाहिलं. ती होती. पाहिलं म्हणून गेली."

आणि मग ते खडू टेबलावर आपटत. "मूर्ख! गाता येत होतं, शिस्त नव्हती. तो गवई होता, मास्तर नव्हता."

पोरं हसत. आक्का हसत नसे. ती त्यांच्याकडे बघत बसे. मी तिच्या शेजारी बसलेली असे, आणि एकदा मी तिला कोपर मारून म्हणाले, "काय गो, तोंड मिट, माशी जाईल." तिने ऐकलंसुद्धा नाही.

आता आमच्या लोकांचं. हे मला बाबांनी सांगितलं. ते त्या अंत्ययात्रेला होते. आमच्यात चिता पेटली, मडकं फुटलं, की अग्नी देणाऱ्याने मागे न बघता घरी चालू लागायचं. मेलेल्याने आपल्या मागे येऊ नये म्हणून. घराच्या दारात कोणीतरी उभं असतं. ते पायांवर पाणी घालतं, कडुनिंबाचा पाला चावायला देतं, आणि म्हणतं, झालं. त्यानंतर माणूस मोकळा. मग कुठे हवं तिथे बघा.

"ते दिवस ऊसतोडणीचे होते," बाबा म्हणाले. "मळ्यावरच्या सरदाराने दुपारपर्यंतच सोडलं होतं. मडकं फुटलं आणि कारखान्याचा भोंगा झाला. मी त्याला म्हटलं, मास्तर, मागे बघू नका हां, सरळ घरी जा. आणि आम्ही नदीवरूनच उसात गेलो. प्रत्येकाला वाटलं, दारात दुसरं कोणीतरी असेल."

"आणि?"

"कोणीच नव्हतं. त्याची आई आधीच वारलेली. आमच्या बायका जुन्या उसाच्या मुळ्या उपटायला गेलेल्या. तो एकटा घरी गेला, एकटा आत शिरला. त्याला 'झालं' असं कोणी म्हटलंच नाही, बाय."

असा हा प्रकार. आमच्या लोकांनी त्याला मागे बघू नको म्हणून सांगितलं, ती येऊ नये म्हणून. त्याने ते पाळलं, ती यावी म्हणून. आणि थांबवायला दारात कोणी नव्हतं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण एक गोष्ट मी पाहिली आहे आणि ती वगळली तर हे लिहिणं खोटं होईल. भाऊजी पावसात छत्री मागे कलती धरत, त्यामुळे त्यांचा कोट पुढून भिजे. एकदा बसथांब्यावर ते असे उभे होते आणि मी रस्त्याच्या या बाजूला चिन्याच्या दुकानाच्या वळचणीला. त्यांच्या मागे, छत्री पोचत नव्हती अशा ठिकाणी, डांबरावर ताटाएवढी जागा कोरडी होती. बस आली, ते चढले. मी ती जागा बघत राहिले. ती बस गेल्यावर भिजली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मीठ आणलंस का?"

तर आक्का. तिला मागणी होती. कार्तिए मिलितेरच्या एका भाजीवाल्याचा मुलगा, चांगला, हसरा, स्वतःची सायकल असलेला. ती नको म्हणाली. गुरुजींशी लग्न करीन, नाहीतर नाही. बाबा हादरले. "अगो, तो माणूस शहाणा आहे, पण एवढी एक गोष्ट सोडून. आणि तीच गोष्ट बायकोची आहे." आई व्यवहारी. तिने पगार बघितला, पेन्शन बघितलं, आणि म्हणाली, "विधुर सगळेच जरा विचित्र असतात. मूल झालं की सुटेल."

मी आक्काला विचारलं होतं. परसात कपडे वाळत घालताना.

"तुला त्यांच्यात दिसतं काय?"

"मेलेल्या बायकोसाठी एवढं करणारा माणूस," ती चिमटा दातांत धरून म्हणाली, "जिवंत बायकोसाठी किती करील!"

तिचा हिशोब सरळ होता. मीही तेव्हा तो बरोबरच धरला.

भाऊजींनी नाही म्हटलं नाही. त्यांना घरात कोणीतरी हवं होतं. त्यांनी एकच अट घातली, तीही बाबांना नव्हे, आक्काला, लग्नाच्या आदल्या आठवड्यात, आमच्या ओसरीवर, माझ्यादेखत. "माझ्या मागून चालताना," ते म्हणाले, "दोन हात जागा सोडून चाल."

आक्काने मान डोलावली. तिला वाटलं, हे लाजणं आहे.

लग्नानंतर देवळात येताना आम्ही त्यांना बघत असू. पुढे भाऊजी, मग रिकामी जागा, मग आक्का. दोघांच्या रांगेत आक्का तिसरी. आमची आत्या, जिच्या जिभेला हाड नव्हतं, देवळाच्या पायरीवरून मोठ्याने म्हणे, "ये गो, ये. सवत आली का पुढे?" आक्का हसून साजरं करी. सुरुवातीला.

घरात आरसा नव्हता. आरशात मागचं दिसतं. आईने रुखवतात दिलेला आरसा दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून परत आला. आक्का कुंकू अंदाजाने लावी. ते कधी डावीकडे सरकलेलं असे, कधी उजवीकडे. ती आमच्याकडे आली की आई आधी तिला आरशासमोर उभी करी आणि पदराने तिचं कपाळ पुसून देई.

तिने प्रयत्न केले नाहीत असं नाही. एकदा ती पाण्याचा तांब्या आणि कडुनिंबाची डहाळी घेऊन दारात उभी राहिली. भाऊजी शाळेतून आले. तिने त्यांच्या पायांवर पाणी घातलं, पाला हातात दिला. त्यांनी तो चावला. चेहरा कडू झाला. आक्का म्हणाली, "झालं."

भाऊजींनी पाला थुंकला. "हे तेव्हा करायचं होतं," ते शांतपणे म्हणाले. "आता ती आत आली आहे." आणि दार धरून ठेवलं. आक्कासाठी नव्हे.

त्यांनी कधी आक्कावर हात उगारला नाही, कधी शिवी दिली नाही. तिच्या हातचं जेवत, पगार आणून तिच्या हातात देत. समोरासमोर असले की बोलतही, पण नजर तिच्या कानाच्या बाजूने पलीकडे जाई, जणू आपण एखाद्याच्या घरी गेलोय आणि त्याचं लक्ष आतल्या खोलीत आहे. आक्काला काय हवं होतं ते मला माहीत आहे, कारण तिने ते मला एकदाच सांगितलं. दागिना नाही, साडी नाही. "एकदा तरी माझ्यासाठी वळावं."

कार्तिए मिलितेरला बाजारासाठी ते दोघं बसने गेले होते. भाऊजी पुढून उतरले आणि चालू लागले. आक्का उतरताना तिची साडी पायरीत अडकली आणि बस हलली. ती फरपटली. "अहो!" ती ओरडली. "अहो! अहो!" कंडक्टर ड्रायव्हरला थांब म्हणून ओरडला, "आरेत! आरेत!" बाजारातली सगळी माणसं वळली. जनावरंसुद्धा वळली असतील. भाऊजी चालत राहिले. बस थांबली तेव्हा आक्का रस्त्यावर होती, मनगट मोडलेलं. एका भाजीवाल्याने तिला उचललं. होय, तोच, सायकलवाला.

भाऊजी आले. ते आले नाहीत असं मी म्हणणार नाही. ते अख्ख्या बाजाराला वळसा घालून, मासळीच्या ओट्यांमागून, देवळाच्या बाजूने समोरून आले. धावत आले, कोट घामाने चिंब. गुडघ्यावर बसले. "मी ऐकलं," ते म्हणाले. "ऐकलं म्हणून तर आलो." त्यांना वाटत होतं, आपण फार केलं.

आक्काला तिसरा महिना होता. पोटातलं त्या आठवड्यात गेलं. पुढे मूल झालं नाही.

त्यानंतर तिने त्यांना मागून कधी हाक मारली नाही. शपथ वगैरे घेतली नव्हती, आमची आक्का शपथा घेणारी नव्हे. तिने नुसतं बंद केलं, जसं आपण एखाद्या दुकानात जाणं बंद करतो.

मग साठ सालचं ते मोठं वादळ आलं. ज्यांनी ते पाहिलं त्यांना सांगायला नको, ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. आम्ही सकाळीच शाळेत गेलो होतो, कारण ती दगडी होती. आक्का आणि भाऊजी घरीच राहिले. भाऊजींना वाटलं, पत्रे टिकतील. दुपारी वारा अचानक पडला. पक्षी ओरडायला लागले. वादळाचा डोळा वर आला होता. असा डोळा फसवा असतो. थोड्या वेळाने वारा परत येतो, उलट्या दिशेने, आधीपेक्षा वाईट. ज्यांची घरं गेली होती ते सगळे त्या मोकळ्या वेळात शाळेकडे निघाले.

मी शाळेच्या दारात उभी होते. पायवाटेवरून येणारे लोक मोजून आत घेत होते. कोणाच्या घरचं कोण राहिलं, हे कोणीतरी बघायला हवं होतं. भाऊजी दिसले. पुढे भाऊजी, मग दोन हात जागा, मग आक्का डोक्यावर गाठोडं घेऊन. वादळातसुद्धा दोन हात जागा. मला इतका राग आला की मी आईला म्हणाले, "बघ तुझं पेन्शन."

आणि वारा परत आला. पायवाटेच्या कडेचं फिलावचं, म्हणजे सुरूचं, झाड मुळासकट आडवं झालं. त्याच्या फांद्यांखाली आक्का गेली, बाजूच्या गटारात, आणि गटार तोवर नदी झालं होतं. मी ओरडले. मलाच माझा आवाज ऐकू आला नाही. भाऊजी चालत होते. वाऱ्यात वाकून, एक हात डोळ्यांवर धरून, सरळ शाळेकडे, सरळ माझ्याकडे. मी हात हलवले, मागे दाखवलं. ते माझ्याकडे बघत होते आणि चालत होते.

मग ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं जे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. भाऊजी त्या क्षणी देखणे दिसले. त्या वाऱ्यात, त्या चिखलात, एकदम वीस वर्षांनी लहान. आणि ते वळले. गर्रकन. वळसा नाही, लॉरी नाही. जागच्या जागी.

ते परत धावले. फांद्या उचलल्या, गटारात कमरेपर्यंत उतरले, आक्काला ओढून काढलं. बाबा आणि आणखी दोघं दोर धरून गेले आणि सगळ्यांना आत आणलं. आक्काच्या बरगड्या मोडल्या होत्या, पण ती श्वास घेत होती. मला वाटलं, मिळालं. तिला एवढंच हवं होतं, आणि ते मिळालं.

भाऊजींनी तिला बाकावर ठेवलं. तिच्या तोंडावरचा चिखल पुसला. मग दाराकडे बघितलं, दारापलीकडच्या वाटेकडे. मग पुन्हा तिच्याकडे. आणि म्हणाले, "तू?"

एवढंच. मग ते जमिनीवर बसले आणि रडायला लागले. वारा छपरावर होता तरी ते रडणं सगळ्या शाळेला ऐकू गेलं. लोकांना वाटलं, बायको वाचली म्हणून रडतोय. एक बाई म्हणालीसुद्धा, "बोंद्ये, देवा रे, किती जीव आहे बघा तिच्यावर." आक्का डोळे उघडे ठेवून पडली होती. तिने सगळं पाहिलं होतं.

वादळ ओसरल्यावर भाऊजींनी आंघोळ केली आणि सुतक धरलं. गावात कोणाच्या घरावर छप्पर नव्हतं, आणि या माणसाने न्हाव्याला शोधून डोकं उतरवून घेतलं. दहावं केलं, तेरावं केलं. भटजी आधी तयार होईना. "गुरुजी, कोणाचं?" "माझ्या पत्नीचं," भाऊजी म्हणाले. "ती परवा गेली." भटजीने आक्काकडे बघितलं. ती चुलीशी बसली होती, छातीला पट्टे बांधलेले.

"करा," ती म्हणाली. "मी रांधते."

तिने तेराव्याचं जेवण रांधलं. मी मदतीला होते. तिला वाकता येत नव्हतं म्हणून पातेली मी उतरवली. आत्या जेवायला आली आणि पानावर बसून म्हणाली, "सवाष्ण समोर वाढत्येय आणि हा मेला कोणाचं तेरावं घालतोय? काय गो, तुझंच तर नव्हे?" कोणी हसलं नाही. आक्काने तिला भात वाढला. "हळू बोल, आत्या," ती म्हणाली, "त्यांचा घास अडकेल."

भाऊजींनी त्यानंतर आक्काला एक वाक्य ऐकवलं, आणि ते कित्येक वर्षं अधूनमधून ऐकवत राहिले. कधी जेवताना, कधी पेपर वाचता वाचता. "तू तिच्या आवाजात हाक मारलीस." त्यांचा समज असा झाला होता की आक्काने जीव वाचवायला पहिलीच्या आवाजाची नक्कल केली आणि त्यांना फसवून वळवलं. आक्का उत्तर देत नसे. मला वाटे, काय उत्तर देणार? माणूस बुडताना आवाज कसाही येतो.

काही आठवड्यांनी आम्ही दोघी उसात उडून गेलेले पत्रे शोधत होतो, तेव्हा मी तिला म्हणाले, "बरं केलंस हाक मारलीस ती. निदान जीव तरी वाचला."

"मी मारली नाही."

"म्हणजे?"

"तोंडात चिखल होता, बाय. आणि नसता तरी मारली नसती." तिने एक पत्रा उलटला, वाकलेला निघाला, टाकून दिला. "तुला ऐकू आली होती?"

"त्या वाऱ्यात मला माझंच ऐकू येत नव्हतं."

"त्यांना आली," आक्का म्हणाली. "पाहिलास ना चेहरा? तो माझ्या हाकेला वळलेला चेहरा नव्हता."

मग कोणी मारली, हे मी विचारलं नाही. आम्हा दोघींनाही एकच नाव सुचत होतं. जिला वर्षानुवर्षं तोंड उघडायचं नव्हतं, जिचं राहणं न बोलण्यावर आणि न दिसण्यावर होतं, तिने हाक मारली होती. कशासाठी, तेही उघड होतं. गटारात आक्का बुडत होती.

"मग सांग त्यांना," मी म्हणाले. "तू फसवलं नाहीस म्हणून सांग."

"सांगू?" आक्का म्हणाली. "आत्ता ते मला दोष देतात. सांगितलं तर कळेल की ती आपणहून गेली. मग कोणाला दोष देतील?" आणि पुढच्या पत्र्याकडे गेली.

लोक म्हणाले, गुरुजी सुधारले. वादळाने एवढं एक चांगलं केलं. आता मागून हाक मारली की ते वळत. चिनी दुकानदाराला धावावं लागत नसे. घरात आरसा आला. त्यांनी स्वतः आणला, मोठा, आणि आपल्या खुर्चीसमोर टांगला. संध्याकाळी त्यात बघत बसत. स्वतःकडे नव्हे, खांद्यावरून मागे. तिथे आक्का चुलीशी दिसे. त्या आरशात आक्काने कधी कुंकू लावलं नाही. ती जुन्या सवयीने अंदाजानेच लावत राहिली.

बैठकेत त्यांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली नाही. एका मुलीने मागितली तर म्हणाले, "विसरलो." माझ्याजवळ मात्र एकदा, आमच्या ओसरीवर चहा पिताना, ते आपणहून बोलले. "मीही गवईच निघालो," ते म्हणाले. "आणि मला तर गाताही येत नाही." मला त्यांची कीव आली असती. पण आक्का कप गोळा करत होती, आणि त्यांनी आपला कप तिच्या हातात न बघता दिला.

देश स्वतंत्र होऊन झेंडा बदलला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ते गेले. छातीत पाणी झालं होतं. शेवटचा महिना आक्का त्यांच्या उशाशी होती. तेराव्याच्या स्वयंपाकाची यादी मीच केली, या वेळी खऱ्या तेराव्याची, आणि सगळी माणसं जेवून गेल्यावर आम्ही दोघी पानं उचलायला बसलो. दुपार उलटली होती. तेव्हा मी विचारलं.

"शेवटपर्यंत सांगितलं नाहीस ना त्यांना?"

"सांगितलं," आक्का म्हणाली.

मी हातातलं पान खाली ठेवलं. "कधी?"

"जायच्या आदल्या दिवशी. पुन्हा म्हणाले, तू तिच्या आवाजात हाक मारलीस. मी म्हटलं, मी नाही मारली, तीच होती. तिनेच तुम्हाला वळवलं. मला काढायला."

"काय म्हणाले?"

"काही नाही. माझ्याकडे बघितलं." ती पुढचं पान दुमडत म्हणाली. "नीट बघितलं गो, पहिल्यांदा. कपाळ, डोळे, हात, सगळं. खूप वेळ. असं काय आहे हिच्यात, की तिने मला सोडून हिला वाचवावं, ते शोधत होते."

"मग?"

"सापडलं नाही त्यांना," आक्का म्हणाली, आणि उरलेली पानं उचलायला उठली.